मुगाएवढे चेहरे

४ नोव्हेंबर
आजपासून नवी नोकरी! लांपांगच्या कारखान्यात तीस वर्षं वाडग्यांवर कोंबडे रंगवले, तो बंद पडला, म्हणून चियांगमाईला आले. हे गेल्यापासून घरात भांडायलाही कुणी नव्हतं. गावच्या शाळेत चौथी झाले, अक्षर कोंबडीने काढल्यासारखं, तरी रोज लिहायचं ठरवलंय.

इथे परदेशी हौशी लोकांसाठी शिशाची माणसं रंगवतात, बोटाच्या दोन पेरांएवढी. ती टेबलावर मांडून ते लढाई खेळतात. मालकीण वनिदा, माझ्या लेकीच्या वयाची. मला म्हणाली, मावशी, चष्मा आणलाय ना? म्हटलं, आणलाय गं, तुझा नवरा नीट बघायला. सगळ्या बायका खिदळल्या.

शेजारी ओन्सा. ती बूट-पट्टे रंगवते, चेहरे माझ्याकडे. माणूस बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, ब्रशचं टोक ओठांत फिरवायचं, रंग दुधासारखा पातळ. चेहरा केवढा? मुगाच्या दाण्याएवढा.

९ नोव्हेंबर
एका गिऱ्हाइकाला चाळीस गावकऱ्यांची फौज हवीय, हातात कोयते-काठ्या. प्रत्येक चेहरा वेगळा हवा. चाळीस तोंडं आणायची कुठून? आणली आमच्या गावातून! मटणवाली तिरळी जायमा. दात पडलेला माझा दीर खामपान. हा माझा दीर म्हटल्यावर ओन्सा म्हणाली, अगं मावशी, हा तर पक्का चोर दिसतो. म्हटलं, म्हणजे हुबेहूब जमलाय!

शेवटी एक पोरगी उरली. तिला माझ्या लेकीचा, रिनचा चेहरा दिला, गालावरच्या तिळासकट. रिन तिकडे रायोंगला, मासळीच्या कारखान्यात. रोज फोन करते, पण दोन वर्षं झाली, डोळ्यांनी बघितली नाही.

२ डिसेंबर
गिऱ्हाईक खूश. त्याची एक रीत आहे. खेळात जो बाहुला जखमी होतो, तो इथे परत येतो, जखम रंगवायला. आज जायमा आली. चिठ्ठीत लिहिलेलं, डावा डोळा गेला. लाल रंग घेताना म्हटलं, चला बाई, तुझा तिरळेपणा तरी गेला! ओन्साला हसून ठसका लागला.

५ डिसेंबर
गावाहून जाऊबाईंचा फोन. परवा हाड तोडताना कपची उडाली, जायमाच्या डाव्या डोळ्यात घुसली. डोळा काढावा लागला.
डब्यातला चिकट भात तसाच राहिला. योगायोग असेल. असणारच.

१४ डिसेंबर
आज दीर परत आला. उजवा हात, कोपरापासून.
मी वनिदाला म्हटलं, हा मला देऊ नकोस. तिने कारण विचारलं. म्हटलं, भीती वाटते. हसून म्हणाली, बाहुल्याला कसली भितेस मावशी, आण, ओन्सा करेल.
ओन्साने केला. गाणं गुणगुणत.

१५ डिसेंबर
दिराचा हात उसाच्या यंत्रात सापडला. उजवा. जाऊबाई फोनवर रडत होत्या, पुढचं मला ऐकवेना —

१६ डिसेंबर
वनिदाला सगळं सांगितलं. तिने पाणी दिलं, दोन दिवस घरी राहा म्हणाली. म्हटलं, घर नको, एवढंच कर, ती तिळवाली पोरगी आली तर माझ्या हातात दे. बरं म्हणाली. चेष्टाच वाटली तिला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, आयुष्यभर सगळ्यांच्या फिरक्या घेतल्या.

१९ डिसेंबर, सकाळ
पार्सल फोडलं. पाच माणसं. पाचवी रिन.
चिठ्ठी — पोरगी जळाली. अख्खी.
ओन्साने काळा रंग काढलाही होता. मी हिसकावून घेतली. ती ओरडली, मावशी, डोकं फिरलं का तुझं!
तो चेहराच नको. चेहरा नसला की ती रिन नाही. इथे रंग उतरवायच्या पाण्याची बरणी असते, तासाभरात माणूस कोरा होतो. टाकली. झाकण लावलं.
सुटली माझी पोर.

दुपार
रिनचा फोन. आधी नुसता श्वास. मग — आई, तोंडाची आग होतेय, पाणी मारलं तरी — आई, हाताला कातडी सुटून येतेय —
मी काय केलं.

बरणीतून काढली. अर्धा गाल राहिलाय. एक डोळा. चेहरा पुन्हा काढतेय. खालचा रंग वाळेपर्यंत हातांना चैन नाही, म्हणून हे लिहितेय. फोन चालूच ठेवलाय.
नाक आलं. दुसरा डोळा आला.
तोंड —
रिन हसते तेव्हा कुठली बाजू वर जाते? डावी? मला आठवत नाही. मला माझ्या लेकीचं तोंड —
तिलाच विचारलं. रिन, सांग ना गं, लवकर.
पलीकडून नुसता घशातला आवाज. ओठच नसल्यासारखा.