मागून वाजलेली टाळी

भाईजान, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा मनापासून सलाम.

तुमचा खोकला बसला का? डॉक्टरकडे न जाता नुसत्या गरम पाण्यावर भागवताय असं कळलं. दोन्ही करा, एकाने दुसऱ्याचं काही बिघडत नाही. भाभींची कंबर कशी आहे? अम्मींना आता दोन्ही कानांनी ऐकू येतं, की अजून उजव्या बाजूला जाऊनच बोलावं लागतं? नातू रांगायला लागला का? शेळी व्याली का? (तिलाही यात घेतलं म्हणून रागावू नका, ती घरातलीच.) आणि हो, सहज आठवलं म्हणून विचारतो, चार दिवसांसाठी तुमच्याकडे आलेल्या तुमच्या बहिणीचे गुडघे कसे आहेत? चार दिवस होऊन बरेच दिवस झाले, एवढंच. मी इथे मजेत आहे. करपलेली भाजीही खाता येते, हे या वयात नव्याने कळलं.

पत्राचं कारण मात्र अगदी वेगळं आहे. तुम्ही मशिदीत पुढे उभं राहून इमामत केलेला माणूस, म्हणून नमाजीच्या नियमांतला एक मसला विचारायचा होता. तिने तिकडे काय सांगितलं असेल ते असो, मी मुळापासून लिहितो. माझा घोटा मुरगळल्यापासून मशिदीच्या पायऱ्या चढवत नाहीत. त्यामुळे शिलाई मशीन भिंतीला सरकवायचं आणि दुपार कलल्यावरची असरची नमाज घरीच पढायची, मी पुढे आणि ती मागे, असं चाललं होतं. आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर डोकं खाजवून जे आठवत नाही ते मला नमाजीला उभं राहिलं की आठवतं. हरवलेली कात्री मला रुकूत वाकल्यावर सापडली. पोस्टमनच्या विजारीची उंची सज्द्यात कपाळ टेकल्यावर आठवली. त्या दिवशी चौथ्या, शेवटच्या रकातीच्या फेरीत लख्ख प्रकाश पडला की हेडमास्तरांच्या कोटाच्या दोन्ही बाह्या मी डाव्याच कापल्यात. या धक्क्यात शेवटची बैठक झाली, आणि सलाम फेरून नमाज संपवायची सोडून मी पाचव्या रकातीला उभा राहिलो.

मागून टाळी वाजली. मला वाटलं, डास. पुन्हा वाजली. मला वाटलं, बिचारीला फारच चावतायत. (त्या आठवड्यात टाळी आधीही ऐकू आली होती, म्हणून मी डासांची अगरबत्ती आणून तिच्या बाजूला लावलीही होती. खोकत खोकत ती टाळ्या वाजवत होती.) इमाम चुकला तर मागच्या पुरुषाने सुबहानल्लाह म्हणावं आणि बाईने हातावर हात मारून सावध करावं, हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मीच शिकवलं होतं, मसल्यांच्या पुस्तिकेत बोट ठेवून. तिने ते जपून ठेवलं. मी पुस्तिका जपून ठेवली.

तर मी पाचही रकाती पुऱ्या केल्या, सलाम फेरला, मागे वळलो आणि आपुलकीने विचारलं, मेला का?

ती म्हणाली, "तो मेला असता तर मी आज विधवा झाले असते."

चूक झाली तर शेवटी दोन जादा सज्दे घालून ती भरून काढता येते, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण पुस्तिका उघडली तर त्यात लिहिलेलं, सलामानंतर बोललात की ती सवलत गेली, नमाज पहिल्यापासून पढा. म्हणजे माझ्या दोन शब्दांची किंमत तिच्या गुडघ्यांनी मोजली. दुसऱ्यांदा पढताना मला शंका आली, ही तिसरी की चौथी? शंका आली तर कमी धरावं, म्हणून तिसरी धरली. या वेळी मागून टाळी आली नाही. याचा अर्थ माझा हिशेब बरोबर होता, किंवा तिने माझा नाद सोडला होता. वळून बघता येत नाही, तीच तर अडचण. दुसऱ्या दिवशी तिने आपली चटई स्वयंपाकघरात अंथरली. तिसऱ्या दिवशी पिशवी भरली. जाताना म्हणाली, "तुमच्या मागे उभं राहायचं तर गुडघे लोखंडाचे हवेत."

तर मसला असा, की ज्याला शंका नेहमीच येते त्याने काय करावं? पुस्तिका म्हणते, मनाचा कल जिकडे असेल ते धरावं. माझ्या मनाचा कल सध्या तुमच्या घराकडे आहे, त्याचा रकाती मोजायला काही उपयोग होत नाही. एकटाच पढतो. मागून कोणी टाळी वाजवत नाही, त्यामुळे वरवर पाहता माझी एकही चूक होत नाही. काल हेडमास्तरांच्या कोटाला इस्त्री करताना मी स्वतः एक डास मारला, आणि तो आवाज ऐकून मुकाट खाली बसलो.

सर्वांना सलाम, नातवाला पापा.

ता. क. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. दाखवलंच, तर तिच्यासाठी मशीनशेजारी एक खुर्ची आणून ठेवली आहे, गादी मीच शिवली, हे वाक्य जरा मोठ्याने वाचा. खुर्चीवर बसून पढली तरी टाळीचा आवाज तेवढाच येतो.

आणखी ता. क. ती निघाली तेव्हा मी तिची माफी मागितली होती की नुसती मनात मागितली होती, हे काही केल्या आठवत नाही. शंका आली तर कमी धरावं, म्हणून मागितली नाही असं धरतो, आणि इथे मागतो. तुम्ही उत्तर लवकर पाठवा. पाठवलं की नाही अशी शंका आली, तर तुम्हीही कमी धरा आणि पुन्हा पाठवा, उत्तर नाहीतर तिला.