पडद्यावर हसणारा शिपाई

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. काय करू? उद्या दुपारी गोदाअक्का तुमची फिल्म बघायला येणार आहेत. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

गोदाअक्का आठवतात ना? धुळ्याकडच्या खेड्यातल्या. त्यांच्या गावावरून एसटी जायला लागली की तुम्ही तोंडावर टॉवेल घेऊन झोपेचं सोंग करायचात. मला लहानपणी हसू यायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपण इंग्रज सरकारच्या प्रचार गाडीवर होतो, हे किती ऐटीत सांगायचात तुम्ही! बाजाराच्या मैदानात पांढरा पडदा, त्यावर रणगाडे, विमानं, कवायत करणारे शिपाई. फिल्म बोलायची इंग्रजीत, म्हणून तुम्ही भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभं राहायचं आणि अहिराणीत समजावून सांगायचं. लोक म्हणे फिल्मपेक्षा तुम्हालाच ऐकायला यायचे.

पण ती वही तुम्ही कधी दाखवली नाहीत. माळ्यावर फिल्मच्या डब्याखाली सापडली. चहाचा मग घेऊन हसणारा शिपाई पडद्यावर आला की काय बोलायचं, ते तुमच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : ‘हाऊ दखा, आपला ––– ना गडी! कसा मजामा शे!’ मधली जागा कोरी. ज्या गावात खेळ, त्या गावाचं नाव तिथे घालायचं. एकच शिपाई गावोगावचा, आणि सगळीकडे मजेत! आबा, काहीच वाटलं नाही तुम्हाला?

गोदाअक्कांचे यजमान त्यांच्या गावातला तुमचा पहिला खेळ बघून सैन्यात भरती झाले. पुढच्या वर्षी ते बेपत्ता असल्याचं पत्र आलं. सासरच्यांनी कुंकू पुसायला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात तुमची गाडी पुन्हा त्यांच्या गावात गेली. तुम्ही नेहमीसारखी कोरी जागा भरलीत. पडद्यावरचा आपलाच माणूस समजून अक्का गर्दी तुडवत पडद्यापर्यंत धावल्या. लढाई संपली, माणूस आला नाही, तरी कुंकू आहे तसंच आहे. चाळीस वर्षं, तुमच्या एका वाक्यावर! तुमच्या तेराव्याला आल्या तेव्हा हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, तुमचे उपकार मानत.

माळ्यावरून काढलेला फिल्मचा डबा कोपऱ्यात होता. त्यांनी तो बघितला आणि यजमानांचं तोंड एकदा दाखव म्हणून मागेच लागल्या.

“बाई, माले एकडाव त्यासनं तोंड दखाडी दे. तुना आबानीच सांगं व्हतं, जिता शेतस म्हनीसन.”

“अक्का, फिल्म जुनी आहे. नीट दिसायचं नाही.”

“आते माले बठ्ठं साफ दिसस!”

गेल्याच महिन्यात शिबिरात त्यांचा मोतीबिंदू काढलाय, आबा. नवा चष्मा आहे, सगळं साफ दिसतं. मेलं माझं नशीब! दाखवते म्हणावंच लागलं.

आमच्या शाळेतल्या प्रोजेक्टरवर मी शनिवारी ती फिल्म एकटीने लावून बघितली. वर्गाच्या खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या. शिपाई आला, हसला, गेला. मी पुन्हा लावली. पुन्हा. बैलाचं शिंग लागून यजमानांचे पुढचे दोन दात पडले होते, हसले की खिंड दिसायची, असं अक्का लाजून सांगत होत्या. या शिपायाचे सगळे दात शाबूत आहेत. बाजाराच्या मैदानात, डोळ्यांत पाणी असताना, कुणाला दिसणार होते ते?

डबा विहिरीत टाकावा, असंही मनात आलं. फिल्म जळाली म्हणून सांगावं. पण नुसतं तोंड उघडलं तरी मला तुमचा भोंगा ऐकू येतो. सोंग करणं मी तुमच्याकडूनच तर शिकले.

अक्का धावत आल्या तेव्हाच खरं का नाही बोललात? नोकरीची भीती होती? का नुकतं पुसायला निघालेलं कुंकू बघून जीभ रेटली नाही? हे दुसरं असेल तर मी तुमच्यावर रागावू शकत नाही, आणि तेच मला नको आहे. मला रागवायचंय.

उद्या मी तुमच्याच जागी, पडद्याशेजारी उभी राहीन. अक्का शिपायाकडे बोट करून विचारतील, “हाऊच ना?” तुम्हाला शब्द देते, आबा, मी ती जागा भरणार नाही. मशीन बंद करीन, खिडकीवरची चादर काढीन, त्यांच्याजवळ खाली बसेन आणि तुम्ही काय केलंत ते सांगेन. तुमच्या वतीने पाया पडेन. मग त्यांचा हात कपाळाकडे गेला, तर तो धरायचा की सोडायचा, तेवढं मला कळत नाहीये.

तुमची भित्री लेक,
सुमन