लीलाचे डोहाळे आणि गोल डब्यातलं सँडविच

उस्मानाबाद,
१७ ऑगस्ट १९५८

तीर्थस्वरूप राघवेंद्रमामांना मार्तंडचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळं खुर्चीतूनच घातला आहे, तेवढा पदरात घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? मामी बऱ्या आहेत ना? इकडं पाऊस बेताचा आणि आम्ही दोघं सुखरूप आहोत. हे शेवटचं वाक्य गेल्या आठवड्यात लिहिता आलं नसतं, म्हणून पत्राला उशीर.

लीलाला तिसरा महिना लागला आहे. (गेल्या वर्षीचं तुम्हाला ठाऊकच आहे, ते परत लिहीत नाही.) पंधरा दिवस तिच्या पोटात पाणी ठरेना. डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत अन्न टिकलं नाही तर सोलापूरला दवाखान्यात न्या. मी सारखा विचारायचो, काय खावंसं वाटतं? शेवटी भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "मामांनी सिकंदराबादला खाऊ घातलं होतं ते."

ते म्हणजे दिवाळीत तुम्ही बेकरीत मागवलेलं सँडविच. त्रिकोणी, मऊ, आत लोणी, काकडी आणि नाकात जाणारी पिवळी मोहरी. मी तेव्हा चार खाल्ली होती, त्यामुळं मला ते करता येईल असा माझा समज झाला. कचेरीतून रजा काढली (कारण 'घरगुती' लिहिलं, साहेबांनी खोलात विचारलं नाही) आणि डबल रोटी शोधायला निघालो. आमच्या भट्टीवाल्याकडं मुठीएवढे पाव मिळतात. मोठी चौकोनी रोटी पाहिजे म्हणालो, तर त्यानं तुपाचा रिकामा डबा दाखवला. "साब, चौकोनी डब्बा नै. गोल में भून देतूं. पेट में जाके सब एकच होता."

रोटी आली ती नळकांड्यासारखी. विळीवर धरली तर चुरा झाला. दुसरी आणून दोरा ओढून कापली, तर एक चकती पापडाएवढी पातळ, दुसरी पाटाएवढी जाड. घरच्या लोण्यात ताक राहिलं होतं, त्यात काकडीला पाणी सुटलं, आणि सगळं ताटात बसकण मारून बसलं. आमच्याकडं भांड्याला येणाऱ्या बानूबाई म्हणाल्या, "मालक, ह्ये आजाऱ्याला द्यायचं का पोतेऱ्याला?" मोहरी मीच पाट्यावर फेसली. त्यानंतर बराच वेळ बानूबाई आणि मी डोळे पुशीत अंगणात उभे होतो.

परवा तिसरी रोटी. काकडी मीठ लावून पिळली, लोणी फडक्यात टांगलं. पण गोल चकतीतून त्रिकोण काढायचा म्हणजे निम्म्याहून जास्त रोटी कडेला पडते, हे तुम्ही इंग्रजी शाळेत शिकलात म्हणून तुम्हाला कळेल, मला ते हातानं कळलं. एकदाचे दोन त्रिकोण झाले. ताटलीत मांडून खोलीत नेले, तर खाट रिकामी. मागं स्वैपाकघरात आलो, तर लीला परसातून येऊन पाटावर बसलेली. कापून टाकलेल्या कडा मोहरीत बुडवून खात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती खातच होती. मला पाहून म्हणाली, "आणखी आहेत का?"

मामा, मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. तासभर घड्याळ बघितलं. काही उलटलं नाही. काल वरणभात खाल्ला, आज भाकरी मागितली. डॉक्टर म्हणाले, सोलापूर नको. दोन त्रिकोण बानूबाई घेऊन गेल्या. कसे लागले ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मामींना नमस्कार.

आपला,
मार्तंड

ता. क. पाठ मोहरी फेसल्यामुळं धरली आहे. कचेरीत मात्र टेबल उचललं असं सांगितलं आहे.

दुसरा ता. क. खरं म्हणजे पत्र एवढ्याचसाठी लिहायला घेतलं होतं, आणि तेवढंच राहिलं. लीलाला आई नाही. माघापासून बाळंतपणापर्यंत मामी येऊन राहतील का? ती स्वतः म्हणत नाही, पण दिवसातून दोनदा मला विचारते, मामांना लिहिलं का. आज हो म्हणता येईल.