याहून मऊ स्प्रिंग

प्रिय जीवन,

दोह्याहून तू पाठवलेल्या क्लचच्या ताठ स्प्रिंगा पोचल्या. सोबतच्या चिठ्ठीत तू एवढंच विचारलं आहेस, की त्या बसवल्या का आणि तुझी ती मोटारसायकलसारखी चारचाकी आता चढावर कशी उसळते. उत्तर आधी देते: बसवल्या नाहीत. कारण मात्र सविस्तर वाचावं लागेल. फोनवर तू कारणं ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझी निवड अर्धवट विचाराची आहे, हे यंत्ररचना शिकवणाऱ्या बहिणीने सांगायलाच हवं. क्लचच्या बुटांना, म्हणजे फिरताना बाहेर सरकून पकडणाऱ्या तुकड्यांना, ताठ स्प्रिंग लावली, की इंजिन बरंच फिरल्यावर क्लच पकडतो आणि गाडी उडी मारून सुटते. तुम्हा मुलांना त्या उडीलाच वेग म्हणायची सवय. चढावर खरं काम करते ती मागच्या पुलीतली मोठी स्प्रिंग. ती ताठ असली, की घाट लागताच गाडी आपसूक खालच्या गिअरसारखा जोर धरते आणि इंजिन गुदमरत नाही. म्हणून मोठी स्प्रिंग मी ताठ निवडली, आणि बुटांच्या मात्र मूळच्यापेक्षा मऊ. काम निजामपुऱ्यातल्या केसरीनाथच्या गॅरेजात करून घेतलं. त्याला कापड विणायच्या लूमची एक जुनी स्प्रिंग कापून बसवायची होती. "मॅडम, स्प्रिंग तो स्प्रिंग होती है, काय फरक पडतो?" काय फरक पडतो ते मी त्याला सावकाश, आकृती काढून समजावलं. तेव्हापासून मी दिसले, की तो हत्यारं पुसायला घेतो.

कोन गावातल्या आपल्या घरामागे चाचणी घेतली. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला पेला ठेवून गाडी सुरू करायची. पाणी सांडलं, की पुन्हा क्लच उघडायचा. आक्का ओट्यावरून बघत होती. आईच ती. म्हणाली, "जावई येवढा पारखून केला असता तं बरा झाला असता." तिच्याकडे मी दुर्लक्ष केलं. थेंबही न सांडता गाडी हलली, तेव्हाच ती गणेशपुरीच्या शेतावर नेली.

पेला कशासाठी, असं तू विचारशील. तू ही गाडी आणलीस तेव्हा दाजी काय म्हणाले होते, ते तू विसरला नसशील. "शेतान बेडूक कमी हायत, म्हून यो इकत आनलास?" बापाच्या त्या एका वाक्यावर तू रुसलास आणि दोह्याला गेलास. आता दर रविवारी दाजी त्याच बेडकावर माझ्या मागे बसून वरच्या शेतावर जातात. आषाढापासून त्यांना तो चढ चढवत नाही. पाठ दुखते, असं तुला कळवलं होतं. गाडीला झटका बसला, की ते ओठ आवळतात. मऊ स्प्रिंगांवर पहिल्यांदा वर गेलो, तेव्हा मात्र हसले. म्हणाले, "आता यो बेडूक न्हाय रं, कासव झायला." मागे बसून ते मला जीवन समजून बोलत होते. मी दुरुस्त केलं नाही. चूक दिसूनही मी गप्प राहते, असं सहसा घडत नाही.

वर जायचं ते भात पाहायला. वरच्या शेतातल्या चेडोबा देवाच्या शेंदरी दगडापुढे पहिली लोंबी वाहिल्याखेरीज आपल्याकडे नवा तांदूळ शिजत नाही. ती कर्त्या पुरुषाने वाहायची आणि मुलाने मागे पाण्याचा तांब्या धरून उभं राहायचं. तू गेल्यापासून दाजी एका हातात लोंबी आणि दुसऱ्यात तांब्या घेऊन एकटेच चढत आले. यंदा तांब्या मी धरते म्हटलं, तर म्हणाले, "तो त्याचा हाय." ही रीत मला मान्य नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. माझं मत त्यांना मान्य नाही, हे त्यांनीही स्पष्ट सांगितलं.

गेल्या रविवारी बांधापाशी गाडी पुन्हा किंचित उसळली. तुला जाणवलंही नसतं. मला जाणवलं, आणि माझ्या पाठीमागे दाजींचा श्वास अडकला. मी क्लच उघडला. स्प्रिंगांची लांबी बरोबर, बूट बरोबर, पट्टा ठीक. केसरीनाथने माल बदलला असणार, असं ठरवून मी त्याला फोनवर नको ते बोलले. "मॅडम, आईशप्पथ, तेच माल हाय," एवढंच तो म्हणत राहिला. घरी परतल्यावर आक्काने दाजींना गाडीवरून उतरवलं. एकटीने, काखेत हात घालून, लहान मुलाला उचलावं तसं उचलून ओट्यावर ठेवलं. मग मला कळलं. माझ्या हिशेबात गाडीचं वजन होतं, माझं होतं आणि दाजींचं होतं. पहिली दोन बदलली नव्हती. ओझं हलकं झालं, की क्लचची तीच पकड झटका देते.

दुखणं पाठीचं नाही, जीवन. कर्करोग आहे आणि तो हाडांत पोचला आहे. "कामावं पोर हाय, झुरल उगाच," म्हणून तुला कळवायचं नाही, असं दाजींनी आम्हा दोघींना बजावलं होतं. तो शब्द मी आज मोडते आहे. भात निसवलं आहे, दाणा अजून दुधात आहे. हिरवी लोंबी वाहा, देव समजून घेईल, असं आक्का म्हणाली. दाजींना पिकलेलीच हवी. दाणा पिकायला दसरा उजाडेल. डॉक्टरांना मी तोवरचं विचारलं, तर त्यांनी गोळ्या बदलून दिल्या. तू ये. गाडी तू चालव, दाजींना तुझ्या कमरेला धरून बसू दे. तांब्या घासून ठेवला आहे. बुटांच्या स्प्रिंगा मी पुन्हा बदलल्या; मुंबईपर्यंत शोधून सर्वांत मऊ आणल्या. याहून मऊ मिळत नाहीत. दाजी आणखी हलके झाले, तर माझ्याजवळ दुसरा उपाय नाही.

तुझी वाट पाहणारी, तुझीच,
उन्नतीताई