वीरभद्रप्पाच्या इंजिनातलं पाणी

मी, अंबाजी गोविंदराव बिरादार, वय एकोणऐंशी, राहणार कमठाणा, तालुका बीदर, वाफेच्या इंजिनावरचा निवृत्त फायरमन, माझ्या पश्चात काय व्हावं ते इथे लिहून ठेवतो. गुडघे गेले, उजवा कान गेला, डोकं जागेवर आहे. मला कोणी धमकावलेलं किंवा भुलवलेलं नाही. रागाच्या भरात तर लिहीत नाही ना, असं वकिलांनी विचारलं. राग आहे, भर केव्हाच ओसरला. आधीचं एखादं मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावं.

कलम १. कमठाण्याचं राहतं घर, पुढचं अंगण आणि फाटकापर्यंतची जागा माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. ती सर्व माझी मुलगी विजयश्री हिला द्यावी. बँकेत जे शिल्लक असेल तेही तिचंच. मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. मुलगा शिवशंकर कलबुर्गीला असतो. त्याच्या दिवाणखान्यात त्याच्या काकाचा, म्हणजे माझा धाकटा भाऊ राम याचा, ड्रायव्हरच्या गणवेशातला मोठा फोटो आहे. शिवशंकरला माझं कोळशाचं फावडं द्यावं. ते त्याने त्या फोटोशेजारी टांगावं. दुसरं काही देऊ नये.

कलम ३. हे असं का, ते लिहिणं भाग आहे.

रामाला रेल्वेत मी चिकटवला. कोळसा फोडायच्या कामावर तो माझ्याच इंजिनावर आला आणि आग राखायला मी त्याला शिकवलं. मागचे कोपरे आधी भरायचे, मधे थर पातळ ठेवायचा. भट्टीचं दार फावडं आत जाऊन बाहेर येईपर्यंतच उघडं ठेवायचं. धुरावर नजर ठेवायची. राखाडी असला तर बरं, काळा झाला तर आग गुदमरते आहे. हात चांगला होता त्याचा. हे मी आजही नाकारत नाही.

आमचा ड्रायव्हर वीरभद्रप्पा. त्या दुपारी भालकीकडच्या चढावर आमची मालगाडी होती. बॉयलरमध्ये पाणी चढवायला इंजेक्टर दोन असतात, एक ड्रायव्हरच्या बाजूला, एक फायरमनच्या. माझा चालेना. चढावर इंजिनाचं तोंड वर असतं, पाणी मागे भट्टीकडे येतं, म्हणून पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पुरेसं दिसतं. माथा ओलांडला की तेच पाणी पुढे पळतं आणि भट्टीचं छत कोरडं पडतं. त्या छतात शिशाचा डाट असतो. छत कोरडं पडलं की तो वितळतो आणि बॉयलरमधली वाफ भट्टीत घुसते.

मी म्हणालो, "ड्रायव्हरसाब, माझ्या बाजूनं पाणी जाईना. तुमच्या बाजूचं खोला."

"आत्ता पाणी घेतलं तर वाफ पडंल, गाडी चढावरच हुबारंल. माथ्यावर बगू."

"माथ्यावर उशीर हुईल. आत्ता घ्या."

"तू कोळसा टाक."

राम आमच्या पाठीशी हातोडा घेऊन उभा होता, हात लांबवला तर लागेल इतका जवळ.

माथा ओलांडला आणि डाट गेला. मी फावडं घेऊन दारापुढे वाकलो होतो. वाफेने आग माझ्या अंगावर फेकली. दोन्ही हात, मान आणि उजवी बाजू भाजली.

चौकशीत वीरभद्रप्पा म्हणाला, फायरमनने पाण्याकडे लक्ष दिलं नाही, मला सांगितलंही नाही. साहेबांनी रामाला विचारलं. माझ्या हातांच्या पट्ट्यांकडे बघत राम म्हणाला, "अण्णा काय बोलला न्हाई, साहेब. बोलला असता तर मला ऐकू आलं असतं."

मला इंजिनांच्या शेडमध्ये राख उपसायला लावलं. मी उभ्या जन्मात ड्रायव्हर झालो नाही. वीरभद्रप्पाने रामाला आपल्या शेजारी घेतलं, फायरमन केलं, पुढे राम ड्रायव्हर झाला. माझी बायको राजूबाई हिने त्यानंतर मरेपर्यंत रामाला ताट वाढलं नाही. ती गेली तेव्हा तो दारात आला होता. मी आत घेतला नाही.

कलम ४. गेल्या दसऱ्याला रामाचा नातू बंटी याने आजोबाचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. शिवशंकर मला दाखवायला आला. "अप्पा, काका किती झकास बोलायलेत बगा," म्हणाला. त्यात राम सांगतो, "म्या वरडलो, ड्रायव्हरसाब, तुमच्या बाजूचं खोला, आत्ता घ्या. ऐकलं न्हाई त्यानं."

शब्द माझे होते, जसेच्या तसे. म्हणजे त्याला ऐकू आलं होतं.

कलम ५. रामाचं घर माझ्या घरामागे आहे आणि त्याची वाट माझ्या अंगणातून जाते. ती वाट मोटार येईल इतकी रुंद करून माझ्या नावे लिहून दे, म्हणून तो परवा आला.

मी म्हणालो, "आदी मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कर. तू जे ऐकलंस तेबी लिही. न्हाई तर उद्या भिंत घालतो."

"अण्णा, कामून जुनं उकरायलास? वीरभद्रप्पा मेला, शेड मोडलं."

"मी हाय की."

त्याने मागे वळून अंगणातली वाट नजरेने मोजली. मग म्हणाला, "सही केली तर वाट देतूस?"

"भिंत घालणार न्हाई. एवढंच."

ज्याला काही मिळायचं आहे त्याने मृत्युपत्रावर साक्ष करू नये, असं वकील सांगतात. रामाला यातून काहीही मिळत नाही, सबब तो साक्षीदार होण्यास पात्र आहे. माझ्यामागे त्याला अंगणातून चालू द्यायचं की नाही, हे विजयश्रीने ठरवावं. मोटारीसाठी फाटक मात्र रुंद करू नये.

कलम ६. माझ्या तिरडीला रामाचा खांदा लागू नये.

हा सर्व मजकूर दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्या समक्ष मी सही केली.

ठिकाण : कमठाणा
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५
(सही) अंबाजी गोविंदराव बिरादार

साक्षीदार :

१. (सही) प्रशांतकुमार, शेजारी, शिक्षक. सही माझ्यासमोर झाली.

२. सही माझ्यासमोर झाली. अण्णानं पाणी मागितलं व्हतं. दोनदा मागितलं. मला ऐकू आलं व्हतं.
(सही) राम गोविंदराव बिरादार