हाडकीतली माती

९ नोव्हेंबर

स्नेहाचा फोन. रडत नव्हती, पण नाक ओढत होती — तेवढं बापाला कळतं! पुण्याच्या प्रयोगशाळेत तिचे जंतू पुन्हा नापास. जेली खातात म्हणे, कोलॅजन खात नाहीत. मी म्हणालो, "मग जेलीच घाल की त्यांना." फोन बंद!

१० नोव्हेंबर

आज मीच फोन केला आणि शहाण्यासारखं विचारलं. तीही शहाण्यासारखी बोलली.

"पप्पा, आई अंगणवाडीला लवकर जायची तेव्हा तुम्ही माझी वेणी घालायचात ना? कोलॅजन तसंच. तीन पेड, घट्ट वळलेले. कातडं, हाडं, सांध्याच्या दोऱ्या — सगळं त्याच वेणीवर उभं असतं." ती वेणी उकळली की सुटते, मग तिची जेली होते. सुटे केस कुणीही तोडतं. घट्ट वेणीत मात्र साध्या एन्झाइमला शिरायलाच जागा नसते. जमिनीतल्या काही थोड्या जंतूंकडे तसलं एन्झाइम असतं, आणि ही पोरगी त्यांनाच शोधतेय.

व्हिडिओवर तिनं दोन तळहात जुळवून दाखवले. खोगिरासारखा आकार, दोन जबडे. जबडा उघडा असला की वेणी आत येते. मग तो मिटतो, पेड सैल होतात आणि एकेक कापला जातो. शेपटीकडे आकडे, वेणी निसटू नये म्हणून. आणि कापायच्या जागी, बरोब्बर मधोमध, जस्ताचा एक अणू.

"जस्त? पत्र्याला लावतात ते?"

"तेच!"

जन्मभर एस.टी.च्या वर्कशॉपात पाने फिरवले मी. हा तर पाइप पाना! मी विचारलं, "जस्त काढून घेतलं तर?" म्हणाली, "एन्झाइम बंद. पप्पा, सरांनी तोंडी परीक्षेत हाच प्रश्न विचारला होता."

दिवसभर घरात छाती काढून फिरलो. यशोधरा म्हणाली, "पाठ धरलीय का?" बायकोला कौतुक नाही.

१६ नोव्हेंबर

स्नेहा दोन दिवसांसाठी आली. वाळलीय. पिशवीत निळ्या झाकणांच्या रिकाम्या बाटल्या. खाटकाच्या दुकानामागची माती झाली, नदीकाठची झाली, उकिरड्याची झाली. सर म्हणालेत, संक्रांतीपर्यंत खरा कोलॅजन खाणारा जंतू नाही मिळाला तर विषय बदल. एवढी मेहनत पाण्यात! भाजलेल्या जखमेवर मेलेलं कातडं राहतं ना, ते या एन्झाइमनं निघतं. तिला तसलं मलम करायचंय, स्वस्तातलं. लहानपणी हिचा हात चुलीवर भाजला होता, ते ती विसरली नसावी. मी तर नाहीच.

जेवताना हळूच म्हणाली, "पप्पा, आपल्या हाडकीतली माती नेऊ?"

यशोधराचा हात भाकरीवरच थांबला.

हाडकी म्हणजे गावाबाहेरची ती जागा. गावातलं मेलेलं ढोर तिथं ओढून न्यायचं, सोलायचं — हे काम पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांच्या माथी मारलेलं. छप्पन्न साली धम्म घेतला आणि ते काम टाकलं. म्हणजे कातडं, हाडं जिरलेली माती तीच. पोरीचा हिशेब चुकीचा नाही.

पण माझी आई! आई तेव्हा पिंपरी पेंढारला परकर नेसून हुंदडणारी पोर. तिच्या आईनं डोक्यावरची ढोराच्या मांसाची पाटी ओढ्यात भिरकावली आणि हिच्याकडून शब्द घेतला. आज आईनं तोच स्नेहाला ऐकवला — "आजपास्नं हाडकीतला कन बी घरात येयाचा न्हाई, असं म्हनली माझी आय. म्या व्हय म्हनले. तवापास्नं तिकडची वाट बी न्हाई तुडवली. दुसरं काय बी माग, स्नेही."

स्नेहानं मान डोलावली. आजीच्या ताटात स्वतःच्या वाटणीचा ठेचा वाढला. विषय संपला.

१७ नोव्हेंबर

हौशीराम चहाला आला. शेजारी, शाळेपासूनचा दोस्त, जिभेला हाड नाही. स्नेहानं त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आगं, मंग हाडकीतच घावंल तसलं! आमच्या रानात कुठलं आलंय असलं काय?"

त्याच्या मनात काही नव्हतं. मी हसलो. हसायला नको होतं. आई ओट्यावर शेंगा निवडत होती.

१९ नोव्हेंबर

स्नेहा काल गेली. आई माझ्याशी बोलत नाही. मी काय केलं?

२० नोव्हेंबर

कळलं. "हसलास कामून?" एवढंच म्हणाली आणि हौशीरामच्या आईकडे, साळुबाईंकडे निघून गेली. रोजचंच आहे ते. साळुबाईंना ऐकू येत नाही, आईला नीट दिसत नाही, दोघींचं मिळून एक धड माणूस होतं. दुपारभर काय बोलतात देव जाणे — हा शब्द माझ्या तोंडात हौशीरामच्या संगतीनं बसलाय!

२९ नोव्हेंबर

सकाळी स्नेहाची मागं राहिलेली एक बाटली खिशात घालून गुपचूप हाडकीवर गेलो. शब्द आईनं दिलाय, मी नाही, असं स्वतःला समजावलं होतं. बाभळी माजल्यात. पोरांनी क्रिकेटसाठी थोडी जागा साफ केलीय. खाली वाकलो, खुरपं टेकवलं. आणि ती पाटी डोक्यावर घेतलेली आजी दिसायला लागली, जिला मी कधी पाहिलंच नाही. हात पुढे जाईना.

स्नेहाला कळवलं, जमलं नाही. म्हणाली, "असू द्या पप्पा. दुसरा विषय घेते." इतक्या मायेनं म्हणाली की चिडली असती तर बरं झालं असतं.

७ डिसेंबर

दुपारी आई बाहेरून आली आणि माझ्या हातात बाटली ठेवली. निळं झाकण. काठोकाठ माती, बोटानं दाबून भरलेली. हे जंतू हवेत मरतात म्हणून बाटली गच्च भरायची, हे स्नेहानं सांगितलेलं हिनं ध्यानात ठेवलं!

"स्नेहीला दे. मला काय बी इचारू नगं."

नखांत माती होती तिच्या. मी विचारलं नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. एवढ्या वर्षांचा शब्द, आणि नातीसाठी मोडला! आई, तुला काय म्हणू गं?

८ डिसेंबर

बाटली मांडीवर घेऊन एस.टी.नं पुण्याला गेलो. कंडक्टर जुना ओळखीचा. "काय राव, मध का?" म्हणालो, "त्याहून भारी."

स्नेहानं बाटली दोन्ही हातांत धरली. "आजीनं दिली? स्वतः?" मग आम्ही दोघांनी मिसळ खाल्ली.

२१ डिसेंबर

जेली खाल्ली. पण जेली तर सगळेच खातात. अजून काही म्हणू नका, म्हणते.

२ जानेवारी

खाल्लं!! उंदराच्या शेपटीतलं अख्खं कोलॅजन, न उकळलेलं, तीन पेडांसकट! जस्त काढून घेतलं तेव्हा एन्झाइम थंड, परत दिलं तेव्हा सुरू. माझा प्रश्न! स्नेहा फोनवर ओरडत होती. सर खूश, विषय कायम.

आईला सांगितलं. गालात हसली. "ग्वाड झालं," म्हणाली. मी पाया पडलो, तर डोक्यावर टपली मारली.

हौशीरामकडे पेढे घेऊन गेलो. पठ्ठ्या काय म्हणावा? "म्हनलं व्हतं का न्हाई मी? हाडकीतच घावंल!" आणि अर्धा पुडा एकट्यानं खाल्ला. या खेपेला मी हसलो नाही.

१८ जानेवारी

स्नेहाला लेखात माती कुठली ते लिहायचंय, नेमकी जागा हवी. आईला विचारलं, "हाडकीत कुठं उकरलीस?"

"हाडकीत कोन गेलं? मी आयेला सबुद दिलाय." सुपातलं डोकंसुद्धा वर काढलं नाही. "ती साळूच्या तुळशीतली हाय. त्या दिशी हौश्या बोलला त्ये साळूला सांगितलं. दोनदा वरडून सांगावं लागलं. मंग तिनंच खुरप्यानं काढून दिली. म्हनली, माझ्या तुळशीतली ने, बगू तरी काय निगतंय."

स्नेहाला फोन केला. इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

संध्याकाळी हौशीराम चहाला येतोय. माझे पेढे परत मागणार आहे.