कुंकवाच्या बोटाने सुरू झालेला मिक्सर

प्रति,
मा. अपघात चौकशी अधिकारी,
औद्योगिक अपघात कक्ष,
अहिल्यानगर.

विषय : मिक्सर मी स्वतः सुरू केला हा निष्कर्ष रद्द करून सदोष कंट्रोल पॅनेल बंद करणेबाबत.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल व माझा परत आलेला पहिला अर्ज.

महोदय,

मी सुपा एमआयडीसीतील एका पशुखाद्य कारखान्यात मिक्सर ऑपरेटर होतो. मजकूर माझा आहे, अक्षर पत्नी सविता हिचे आहे.

१. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रे थांबवून, धुऊन पुजतात. त्या सकाळी मी मिक्सरच्या आत उतरून पात्यांना चिकटलेली मळी खरवडत होतो. एरवी आत उतरण्यापूर्वी मेन स्विच पाडतात. त्या दिवशी पाडला नाही, कारण पूजा कंट्रोल पॅनेलच्या टचस्क्रीन पडद्याचीही होती आणि स्विच पाडला की तो काळा पडतो. सुपरवायझर कारभारी म्हणाले, "काळ्या पडद्याला कुंकू लावायचं का, नाथा? उजेड राहू दे." पडद्यावर पासवर्डची चौकट होती. पासवर्डशिवाय मिक्सर हलत नाही, असे प्रशिक्षणात आम्हाला शिकवले आहे.

२. कारभारींनी हळदीचे बोट चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवले. तिथे फुली आहे. ती दाबली की पासवर्ड न विचारताच चौकट मिटते आणि मागचा चालू-बंदचा पडदा खुला होतो. नंतरचे कुंकवाचे बोट मधोमध, हिरव्या बटणावर पडले. पाती फिरली. माझा उजवा हात कोपरापासून गेला.

३. आपला अहवाल म्हणतो की, अधिकृत व्यक्तीशिवाय यंत्र सुरू होऊ शकत नाही. त्या पाळीतील अधिकृत व्यक्ती मीच. सबब मीच ते सुरू केले. मी त्या वेळी मिक्सरच्या आत होतो, हेही त्याच अहवालात वरच्या परिच्छेदात आहे.

४. पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर आपल्यासमोर तपासणीला आले. त्यांनी बरोबर पासवर्ड टाकला, यंत्र सुरू झाले, ते सुरक्षित ठरले. मी फुली दाबून पाहण्याची विनंती केली. ते म्हणाले, "तिथं दाबायचं नसतं." आपण ते लिहून घेतले.

५. कँटीनच्या मालनबाई आरतीचे ताट धरून शेजारी उभ्या होत्या. "कुंकू लावलं आन् आत नाथा वरडला, मी डोळ्यानं बगितलं," असे त्या आजही सांगतात. त्यांना संगणकाचे ज्ञान नाही म्हणून त्यांचा जबाब घेतला गेला नाही.

६. दरम्यान कारखान्याने सुधारणा म्हणून नोटीस लावली आहे : पडद्यास हळद-कुंकू लावण्यास सक्त मनाई. यंत्र मी सुरू केले असेल, तर बंदी कुंकवाला का, हे कळावे.

७. हे सर्व पहिल्या अर्जात लिहिले होते. कारखान्याकडील नमुन्याशी सही जुळत नाही, सबब अर्जदाराची ओळख पटत नाही, असा शेरा मारून तो परत आला. नमुन्याची सही उजव्या हाताची आहे. पॅनेलने इतकी चौकशी केली असती, तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

८. माझ्या जागी पाथर्डीकडचे बजरंग यांना घेतले आहे. पूर्वी ते ऊसतोडीला जात. मेन स्विच पाडला की पॅनेल पुन्हा चालू होण्यात वेळ जातो, म्हणून आता तो रोजच पाडत नाहीत. पासवर्डची चौकट दिसली की बजरंग आत उतरतात. मी त्यांना गाठून सांगितले. ते म्हणाले, "साहेबानं लिहून दिलंय ना, मशीन बरूबर हाय म्हणून." ते आपल्या अहवालाबद्दल बोलत होते.

तरी सदर निष्कर्ष रद्द करून दुरुस्ती होईपर्यंत पॅनेल बंद ठेवावे. निष्कर्ष कायमच ठेवायचा असल्यास आपण कारखान्यात जाऊन ती फुली स्वतःच्या बोटाने दाबावी, मग हिरवे बटण दाबावे. मात्र त्याआधी बजरंग यांना नावाने हाक मारावी आणि ते बाहेर आल्याशिवाय पडद्याला बोट लावू नये.

आपला नम्र व तोच अर्जदार,
गोरक्षनाथ मारुती दिवटे
(सही डाव्या हाताची)
रा. सुपा, ता. पारनेर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत : चौकशी अहवालाची प्रत, परत आलेला अर्ज, कुंकूबंदीच्या नोटिशीचा फोटो, मालनबाईंचा न घेतलेला जबाब, अंगठ्यासह.